निवृत्तीची पुंजी आणि एकदाच द्यावयाचा कर

(वडोदरा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि आसपासच्या तालुक्यांतील ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मराठी माणसे ज्याला अजूनही आपुलकीने बडोदे म्हणतो, त्या या नगरीत बचतीविषयी बोलावयाचे म्हणजे काशीत गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, त्यांच्याच आश्रयाने येथे बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. प्रजेला अक्षर यावे आणि प्रजेची शिल्लक सुरक्षित ठिकाणी राहावी, या दोन गोष्टी त्या द्रष्ट्या राज्यकर्त्याच्या मनात वेगळ्या नव्हत्या. ज्याला हिशेब वाचता येत नाही त्याची शिल्लक त्याच्या हाती राहत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो याच दोन गोष्टींच्या सांध्यावरचा आहे. आपल्या म्हातारपणासाठी आपण जो पैसा बाजूला टाकतो त्यावर कर केव्हा लागतो, केव्हा लागत नाही, आणि एका निधीतून दुसऱ्या निधीत तो नेताना काय घडते, हा तो विषय. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. आकडेमोड हा माझा पिंड नव्हे. परंतु ज्या अर्थी मला हा विषय समजला, त्या अर्थी तो येथे बसलेल्या प्रत्येकाला समजण्याजोगा आहे, एवढा विश्वास मी देऊ शकतो.

तीन प्रश्न

निवृत्तीसाठी साठविलेल्या कोणत्याही पैशाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हा पैसा निधीत देताना मला करातून वजावट मिळाली काय? दुसरा: तो निधीत वाढत असताना त्याच्या व्याजावर कर लागतो काय? आणि तिसरा: तो परत घेताना कर लागेल काय? देताना, वाढताना आणि घेताना, हे तीन शब्द ध्यानात ठेवले तर कायद्याची पुष्कळशी गुंतागुंत सुटते.

न्यायाचे तत्त्व असे की एकाच रुपयावर दोनदा कर लागू नये. देताना ज्या रुपयावर वजावट मिळाली नाही, म्हणजे ज्यावर आपण आधीच कर भरला आहे, तो रुपया परत घेताना पुन्हा करपात्र होऊ नये. मात्र त्या रुपयाने जे व्याज मिळविले ते नवे उत्पन्न होय, आणि कायद्याने सूट दिली नसेल तर त्यावर कर लागणे रास्त आहे. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे तो या एका वाक्याचा विस्तार समजावा.

वजावट मिळालेली आणि न मिळालेली वर्गणी

आपल्या देशात भविष्य निर्वाह निधीची परंपरा जुनी आहे. शासकीय व तत्सम संस्थांच्या निधींसाठी १९२५ चा कायदा झाला. कारखान्यांतील कामगारांच्या निधीचा पाया १९५२ च्या कायद्याने घातला. १९६८ साली ज्याला मालक नाही अशा शेतकऱ्याला, दुकानदाराला, वकिलाला आणि वैद्यालाही पैसे ठेवता यावेत म्हणून सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पी.पी.एफ., निघाला. त्यानंतर १ जानेवारी २००४ पासून केंद्र शासनाच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी, सैन्यदले वगळून, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली आणि १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांना खुली झाली.

या निधींत भरलेल्या वर्गणीबद्दल करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, ही गोष्ट पगारदार मंडळींच्या अंगवळणी पडली होती. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० सी सर्वांच्या तोंडी होते आणि २०१४-१५ पासून त्याची मर्यादा दीड लाख रुपये होती. फेब्रुवारी-मार्च महिना आला की शाळेच्या शिक्षकदालनात दुसरा विषय नसे. परंतु २०२० साली एक नवी करपद्धती ऐच्छिक म्हणून आली. तिच्यात कराचे दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हीच पद्धती मूळ पद्धती ठरली. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. पुढे २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही असे झाले आणि पुष्कळांनी जुन्या पद्धतीचा नाद सोडला. आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून मी क्रमांकांच्या मागे फारसा लागत नाही. आपण तत्त्व ध्यानात ठेवावे.

या बदलाचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात आला आहे. नवी पद्धती स्वीकारणाऱ्याच्या पगारातून निधीची वर्गणी पूर्वीप्रमाणेच कापली जाते. तिच्याबद्दल वजावट मात्र मिळत नाही. याचा अर्थ असा की एकाच कर्मचाऱ्याच्या एकाच खात्यात आता दोन प्रकारचे रुपये शेजारी शेजारी बसलेले आहेत: काही वर्षांचे वजावट घेतलेले, आणि काही वर्षांचे वजावट न घेतलेले. खातेपुस्तकात त्यांचा रंग सारखाच दिसतो. फरक फक्त आपल्या विवरणपत्रांत नोंदलेला असतो.

आपण म्हणाल, याने बिघडले काय? पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर मान्यताप्राप्त निधीतून मिळणारी रक्कम करमुक्तच आहे. पी.पी.एफ.चे व्याज आणि मुदतीअखेरची रक्कमही नव्या पद्धतीत करमुक्त आहे. हे खरे आहे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्याने निधी मोडला, त्याच्या बाबतीत मात्र या दोन रंगांच्या रुपयांचा हिशेब मांडावाच लागतो.

नोकरी बदलताना

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. समजा, पादरा तालुक्यातील एक तरुण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात लागला. त्याचे निधीसाठीचे वेतन दरमहा १५,००० रुपये. त्याच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच देतो. परंतु मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० रुपये भविष्य निर्वाह निधीत पडतात. चार वर्षांत तरुणाची स्वतःची वर्गणी ८६,४०० रुपये, मालकाची निधीतील वर्गणी २६,४०० रुपये आणि निवृत्तिवेतन योजनेत गेलेली रक्कम ६०,००० रुपये होते. निधीतील रकमेवर व्याज मिळते ते निराळे.

चार वर्षांनी त्याला वाघोडिया किंवा सावली येथे अधिक पगाराची नोकरी मिळाली. जुन्या ठिकाणचे सोबती सांगतात, "अरे, पी.एफ. काढून घे, मोटारसायकल येईल." त्याने तसे केले तर कायदा काय म्हणतो? पाच वर्षे झाली नाहीत, म्हणून हा निधी जणू मान्यताप्राप्त नव्हताच असे धरून त्या त्या वर्षीचा कर काढला जातो. मालकाची वर्गणी आणि तिच्यावरील व्याज हे वेतन म्हणून करपात्र; स्वतःच्या वर्गणीवरील व्याज हे अन्य उत्पन्न म्हणून करपात्र. राहिली स्वतःची ८६,४०० रुपयांची वर्गणी. या तरुणाने पहिली दोन वर्षे जुन्या पद्धतीने वजावट घेतली असेल, तर त्या दोन वर्षांचे ४३,२०० रुपये पुन्हा हिशेबात येतात, कारण तेव्हा घेतलेली वजावट परत जाते. नंतरच्या दोन वर्षांचे ४३,२०० रुपये नव्या पद्धतीत, वजावटीवाचून भरलेले आहेत. त्यांवर पुन्हा कर लागत नाही. पण हे सिद्ध कशाने व्हावयाचे? त्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांनी. ती नसतील तर स्वतःचाच पैसा स्वतःचा म्हणून दाखविणे कठीण होते.

शिवाय अशी रक्कम ५०,००० रुपये वा अधिक असेल तर ती हाती पडण्यापूर्वीच उद्गमस्थानी १० टक्के करकपात होते आणि पॅन जोडलेला नसेल तर याहून अधिक. या तरुणाचे एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर हा पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, किंवा आधीच विहित घोषणापत्र देऊन कपात टाळता येते. परंतु खेड्यातील किती तरुण त्यासाठी पायपीट करतात? कर देणे लागत नसताना कापलेला कर तसाच पडून राहतो, हा खरा तोटा आहे.

खरे सांगावयाचे तर अल्प वेतनाच्या कामगाराचे मोठे नुकसान कराने होत नाही. ते निराळ्या दोन गोष्टींनी होते. पहिली गोष्ट व्याजाची. २०२४-२५ साठी निधीचा व्याजदर ८.२५ टक्के होता. दर कायम राहील असे कोणी सांगू शकत नाही. परंतु तो तसाच राहिला असे धरल्यास आज मोडलेला एक लाख रुपया तीस वर्षांनी सुमारे १० लाख ७८ हजार झाला असता. दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. त्या योजनेत १० वर्षांची सेवा भरल्याशिवाय मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क येत नाही. १५,००० रुपये वेतन आणि १० वर्षांची सेवा असेल तर वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे. दरमहा २,१४३ रुपये येतात. रक्कम मोठी नाही. पण ती तहहयात मिळते आणि मागे पत्नीला आधार राहतो. जो चार-चार वर्षांनी निवृत्तिवेतनाची रक्कमही उचलीत राहिला, त्याने वीस वर्षे घाम गाळला तरी त्याच्या नावे दहा वर्षे कधीच जमत नाहीत.

म्हणून कळकळीने सांगतो: नोकरी बदलली तर निधी मोडू नका, तो बदलून घ्या. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच कायम क्रमांक दिला जातो. तो नव्या मालकाला द्यावा आणि जुन्या खात्यातील शिल्लक नव्या खात्यात वर्ग करावी. अशी शिल्लक वर्ग केल्यास जुन्या ठिकाणची सेवा पाच वर्षांच्या हिशेबात धरली जाते, वर्ग करताना कर लागत नाही आणि निवृत्तिवेतनाची सेवाही जोडली जाते. आजारपणामुळे, कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांची अट करासाठी आड येत नाही, हेही ध्यानात असावे. बडोद्यातील कारखानदारीने बंद दरवाजे पाहिले आहेत. त्या कुटुंबांना ही सवलत माहीत असणे अगत्याचे आहे.

मान्यता नसलेला निधी

काही जुन्या खासगी संस्थांनी स्वतःचे निधी चालविले, परंतु त्यांना आयकर खात्याची मान्यता घेतलेली नसते. अशा निधीत कर्मचाऱ्याने भरलेल्या वर्गणीला वजावट मिळत नाही. म्हणूनच निवृत्तीच्या वेळी ती वर्गणी परत मिळते तेव्हा तिच्यावर कर नसतो. तिच्यावरील व्याज, तसेच मालकाची वर्गणी व तिच्यावरील व्याज यांवर मात्र कर असतो.

अशा निधीला पुढे मान्यता मिळाली तर काय? जुन्या खात्यातील शिल्लक नव्या, मान्यताप्राप्त खात्यात जाते. तिला हस्तांतरित शिल्लक म्हणतात. निधीला पहिल्या दिवसापासून मान्यता असती तर त्या काळात जेवढी रक्कम करपात्र ठरली असती, तेवढ्यापुरताच कर्मचाऱ्यावर त्या वर्षी कर बसतो; बाकीची शिल्लक निर्वेध पुढे जाते. येथेही न्याय तोच: ज्यावर कर झाला त्यावर पुन्हा नाही, ज्यावर व्हावयाचा राहिला त्यावर एकदा.

मालकाने चालविलेल्या मान्यताप्राप्त निवृत्तिनिधीतून, ज्याला सुपरॲन्युएशन फंड म्हणतात, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत रक्कम नेण्याची सोय २०१७ पासून झाली आहे. ही बदली करमुक्त आहे. मात्र या रकमेला त्या वर्षाची नवी वर्गणी समजून पुन्हा वजावट मागता येत नाही. एकदा सवलत मिळालेल्या पैशाला केवळ घर बदलले म्हणून दुसरी सवलत मिळत नाही. राष्ट्रीय योजनेत शेवटी निधीच्या ६० टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त असते. वार्षिकीपोटी दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन मात्र त्या त्या वर्षी करपात्र उत्पन्न ठरते. आणखी एक गोष्ट पगारदारांनी ध्यानात घ्यावी. स्वतःच्या वर्गणीला नव्या करपद्धतीत वजावट नसली तरी मालकाने राष्ट्रीय योजनेत दिलेल्या वर्गणीला, वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या पद्धतीतही वजावट आहे.

अडीच लाखांवरील वर्गणी

आता जे स्वेच्छेने अधिक वर्गणी भरतात त्यांच्याविषयी. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याने एका वर्षात अडीच लाख रुपयांहून अधिक वर्गणी भरल्यास वरच्या रकमेवरील व्याज करपात्र झाले. ज्या निधीत मालकाची वर्गणी नसते, जसे शासकीय कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी, तेथे ही मर्यादा पाच लाखांची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या नियमाने एका सदस्याच्या निधीत दोन स्वतंत्र खाती ठेवण्यास सांगितले: एक करमुक्त वर्गणीचे आणि एक करपात्र वर्गणीचे.

एखाद्याने वर्षाला साडेतीन लाख रुपये भरले तर एक लाख रुपये करपात्र खात्यात जातात. वर्षभराचे व्याज ८.२५ टक्क्यांनी ८,२५० रुपये धरले तर तेवढे त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. पुढील वर्षी १,०८,२५० रुपयांवरचे व्याजही करपात्र, कारण करपात्र खात्यातील व्याज त्याच खात्यात राहते. येथेही मुद्दल करपात्र नाही, केवळ व्याज करपात्र आहे. निवृत्तीच्या वेळी हे मुद्दल परत घेताना कोणी त्यावर कर मागू लागला तर दोन खात्यांचा उतारा हेच आपले उत्तर. म्हणून तो दरवर्षी काढून ठेवावा.

परदेशी असलेल्या मुलांचा प्रश्न

दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात चार घरे हिंडलो तर एका घरी तरी मुलगा वा मुलगी अमेरिकेत असल्याचे कळते. सुटीत आलेली ही मुले आईवडिलांना एक प्रश्न विचारतात आणि आईवडील तो शिक्षकांना विचारतात. म्हणून तोही येथे घेतो.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने व्यक्तिगत निवृत्तिखाते सुरू झाले. १९८६ च्या करसुधारणेनंतर ज्यांचे उत्पन्न अधिक आणि ज्यांना नोकरीत निवृत्तियोजना आहे अशांना या खात्यातील वर्गणीची वजावट मिळेनाशी झाली. वर्गणी भरता येते, पण कर भरून. १९९८ पासून रॉथ नावाचे दुसरे खाते आले. त्यात वर्गणीला वजावट नाही, परंतु अटी पुऱ्या झाल्यावर परत घेताना मुद्दल व वाढ दोन्ही करमुक्त. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात पैसा नेता येतो. २०१० पासून त्याला उत्पन्नाची मर्यादा राहिली नाही. नेताना, ज्या भागावर कर भरलेला नाही त्यावर त्या वर्षी कर द्यावा लागतो.

येथे पुष्कळजण फसतात. त्यांना वाटते की आपण फक्त कर भरलेले डॉलर निवडून नेऊ. तसे चालत नाही. समजा, एकाच्या जुन्या पद्धतीच्या सर्व व्यक्तिगत खात्यांत मिळून ४०,००० डॉलर आहेत आणि त्यांपैकी १०,००० वजावट न घेतलेले आहेत. त्याने ८,००० डॉलर रॉथ खात्यात नेले तर त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे २,००० डॉलर, करातून सुटतात. उरलेल्या ६,००० वर कर लागतो. दुधात साखर विरघळल्यावर फक्त साखर चमच्याने काढता येत नाही, तसाच हा प्रकार. कर भरलेल्या वर्गणीची नोंद तेथे ८६०६ क्रमांकाच्या नमुन्यात ठेवावी लागते. तो नमुना भरण्याचे राहिले तर पुढे तोच पैसा दुसऱ्यांदा करपात्र समजला जाण्याचा धोका असतो.

मूल कायमचे परत बडोद्यास आले तर आणखी एक बाब उद्भवते. येथे पूर्ण रहिवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र ठरते. तिकडे मात्र पैसा काढीपर्यंत कर नसतो. दोन देशांची वर्षे जुळत नाहीत. ही अडचण ओळखून २०२१ च्या वित्त कायद्याने सवलत दिली. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या अधिसूचित देशांत, तेथील रहिवासी असताना उघडलेल्या निवृत्तिखात्याचे उत्पन्न, तिकडे ज्या वर्षी करपात्र होते त्याच वर्षी येथेही धरले जावे, असा पर्याय घेता येतो. त्यासाठी विहित नमुना विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. म्हणून खाते बदलण्याचा विचार असेल तर मायदेशी परतण्याचे वर्ष ठरविण्यापूर्वीच जाणकार हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. घरी परतल्यावर घाईने केलेले खातेबदल दोन्हीकडे महाग पडू शकतात.

ज्यांना मालक नाही त्यांच्यासाठी

ग्रामस्थ बंधू म्हणतील, हे सगळे पगारदारांचे झाले, आमचे काय? डभोई किंवा करजणच्या शेतकऱ्याला पी.पी.एफ. खुला आहे, टपाल कचेरीत किंवा बँकेत तो उघडता येतो, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि मुदत पंधरा वर्षांची असते. २०१५ पासून अटल पेन्शन योजनाही आहे. १८ ते ४० वर्षे वयाच्या व्यक्तीला तीत सामील होता येते आणि साठ वर्षांनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत निवृत्तिवेतन मिळते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना तीत नव्याने प्रवेश नाही. म्हणजे ती खऱ्या अर्थाने मजुरांची, शेतकऱ्यांची आणि घरकाम करणाऱ्या भगिनींची राहिली आहे.

कागद जपा

समारोपाकडे वळताना एक साधी सूचना करतो. घरी एक फाइल करावी. तीत चार गोष्टी असाव्यात: दरवर्षीच्या विवरणपत्राची प्रत, ज्यावरून त्या वर्षी जुनी करपद्धती होती की नवी आणि वजावट घेतली की नाही हे कळेल, निधीच्या खात्याचा वार्षिक उतारा, नोकरी बदलल्यास शिल्लक वर्ग झाल्याची पोच, आणि वारस-नामनिर्देशनाची प्रत. शेवटची गोष्ट कराची नाही, पण सर्वांत मोलाची आहे. लग्नापूर्वी आईचे नाव घातलेले असते आणि लग्नानंतर ते बदलावयाचे राहून जाते. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर त्याच्या पत्नीला त्या एका कागदासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. ते टाळणे आपल्या हाती आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी की दहावी-बारावी होऊन कारखान्यात लागणाऱ्या मुलाला निरोप देताना त्याला 'देताना, वाढताना, घेताना' हे तीन शब्द सांगावेत आणि 'निधी मोडू नकोस, बदलून घे' हे वाक्य सांगावे. अधिकारी मित्रांना विनंती की मदतीसाठी खिडकीशी आलेल्या माणसाला कलमाचा क्रमांक सांगण्याऐवजी त्याच्या खात्यात कोणता रुपया कोणत्या रंगाचा आहे ते दाखवावे. आणि ग्रामस्थांना विनंती की ज्याच्या घरी अशी खाती आहेत त्याने पुढच्या रविवारी बसून ही फाइल करावी. एका दुपारचे काम आहे.

कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि ते आपण आनंदाने करावे. पण तेच कर्तव्य एकाच रुपयासाठी दोनदा करण्याची सक्ती कायदा करीत नाही. ती सक्ती ओढवते ती आपल्या हलगर्जीपणामुळे. ज्या नगरीने शंभर वर्षांपूर्वी प्रजेला अक्षर आणि बँक दोन्ही दिले, त्या नगरीतील माणसाच्या कष्टाचा पैसा केवळ एक कागद नाही म्हणून हातचा जाऊ नये, एवढीच माझी इच्छा.